बाईंनी देवाला विचारलेला प्रश्न

कुणाच्याही घरी गेल्या की बाई आधी परसात जायच्या. न्हाणीचं पाणी कुठं वळतं ते वाकून बघायच्या आणि मगच ओटीवर टेकायच्या. "पाणी कुठं जातं ते सांगा, मग चहा." माझ्या मुलीच्या साखरपुड्यालाही त्यांनी हेच केलं. व्याही हळूच म्हणाले, "यांचं काही हरवलंय का हो?"

अशी एखादी व्यक्ती तुमच्याही पाहण्यात असेल. रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात त्या भूगर्भशास्त्र शिकवायच्या, मी तिथेच ऑफिसात. माझं गाव देवरूखच्या पुढे, डोंगरात. एका पावसाळ्यानंतर आमच्या वरच्या वाडीमागे उताराला लांब भेग पडली. बाई ती बघून आल्या आणि त्यांची झोपच उडाली.

अशा उतारांच्या संशोधनाचा गावच्या निर्णयांना उपयोग व्हावा म्हणून निधी मिळतो, हे त्यांनीच शोधून काढलं. उतारावर यंत्रं बसवायची, धोका दिसला की वाडी हलवायची, असा बेत. पहिला अर्ज परत आला. शेरा होता, प्रश्न तुमचा आहे, गावाचा नाही. बाई चिडल्या, मग पुन्हा लिहायला बसल्या. दुसऱ्या अर्जाला पंचायतीची संमती हवी होती आणि मुदत संपत आली होती.

गावाला धास्ती वेगळीच, सही केली तर कायमची घरं सोडावी लागतील. सरपंच म्हणाले, "देवाला इचारल्याबिगर काय व्हायचा नाय, बाय."

देवळात गुरवाने देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली.

"देव नको बोलतोय," गुरव म्हणाला.

आता बाई देवळातच तास घेणार, असं मला वाटलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"काय विचारलंत देवाला?"

"कालेजला कागद द्यावा काय, त्या."

"देवाला कागदाचं काय पडलंय? विचारा, वरच्या वाडीतली माणसं पावसात खाली शाळेत निजवू का?"

गुरवाने सरपंचांकडे पाहिलं. पुन्हा पाकळ्या लागल्या. त्या सुकत चालल्या तरी एकही हलेना. वरच्या वाडीतली एक म्हातारी पदर चावत होती. शेवटी उजवी पडली.

हा होकार कागदालाही धरून सरपंचांनी सही केली, अर्ज गेला, पण निधी मिळाला नाही. वाडी मात्र त्या पावसात शाळेत निजली, कारण ते आता देवाचं सांगणं होतं. श्रावणात उतार खाली आला. माणसं वाचली. बाईंचं कौतुक करायला गाव जमलं, तर त्या कडाडल्या, "आणि गोठ्यातली गुरं? यंत्रं असती तर वेळेत सोडली नसती?" मग तिथेच बसून रडल्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. यंदा पावसाआधी देवळात गाऱ्हाणं घालताना गुरव मध्येच थांबला. मग म्हणाला, "बा देवा म्हाराजा, पानी कुठं जातं ता आमची बाय बघत व्हती. आता तूच बघ."

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.