उस्मानभाईंची शिक्र्याची वही

उस्मानभाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेत फळ्यावर चित्र काढत होतो. त्याला आता सहा आठवडे झाले… रडून झालं, राग मात्र तसाच आहे.

कोरेगावात ते फौजी जवानांसाठी पत्र्याच्या ट्रंका बनवायचे. नव्वद सालापासून दर उन्हाळ्यात दुकान उघडण्याआधी ओढ्याकाठी जाऊन ते शिक्र्याची जोडी बघत, मी सोबतीला. शिक्रा म्हणजे कबुतराएवढा शिकारी पक्षी. काटक्या दोघं आणतात. अंडी बहुतेक मादीच उबवते. नर सरडा धरून आणतो आणि लांबूनच हाक मारतो. ती जाऊन घेते, आणि पिल्लं निघाली की तीच फाडून एकेक घास भरवते. अंगानंही ती नरापेक्षा चांगली थोराड. "बाईचाच दरारा हाय, सर. आमच्या घरागत," म्हणायचे, आणि सगळं वहीत उतरवायचे.

ती वही साताऱ्याच्या एका कॉलेजातले प्राध्यापक दोन दिवसांसाठी म्हणून घेऊन गेले. वर्षभरानं त्यांचं पुस्तक आलं. वाक्यन् वाक्य उस्मानभाईंचं, नाव कुठेच नाही. मी भांडायला निघालो तर उस्मानभाईंनी मलाच अडवलं. "जाऊ द्या, सर. पिल्लं उडाली न्हवं?" मी जाऊ दिलं नाही. फक्त वाट बघितली.

गेल्या आठवड्यातल्या शोकसभेला प्राध्यापक ती वही मिरवतच आले. "उस्मान माझा मदतनीस होता," म्हणाले. मी उठून विचारलं, "घरटं कुठल्या झाडावर होतं?"

"चिंचेवर. मी स्वतः पाहिलंय."

मला मनापासून आनंद झाला. मग सगळ्यांना सांगितलं… वही पिल्लं विकणाऱ्यांच्या हाती पडली तर, या धास्तीनं उस्मानभाई झाड मुद्दाम खोटं लिहायचे. जोडी दरवर्षी घरटं नवं बांधायची, पण आंब्यावरच; आता ती तिथं येत नाही, म्हणून सांगतो. त्या ओढ्याला चिंच नाहीच.

तेवढ्यात उस्मानभाईंची मुलगी रेश्मा पुढे गेली. "आमच्या अब्बांची वही द्या." प्राध्यापकांनी ती तिच्या हातात ठेवली.

लोक मला म्हणतात, झालं ना मनासारखं, आता सोडा. का सोडू? वही परत आली, पण पुस्तकावर नाव अजून प्राध्यापकांचंच आहे. ते उतरेपर्यंत दर उन्हाळ्यात मी हे पुन्हा लिहिणार, आणि दर वेळी झाडाचं नाव खरं लिहिणार.