तारे दिसतील अशी खाट

आडनाव घरी ठेवून ये, असं तुम्ही आजवर किती जणांना सांगितलंत?

शब्द नेमके हे नसतील. "तिथे कशाला उगाच विषय काढायचा" किंवा "नुसतं पहिलं नाव सांगितलं तरी चालतं" असं काहीतरी गोड म्हणाला असाल, वर चहाही पाजला असेल. मला वाशीतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये असंच सांगितलं गेलं. समोर पोह्यांची बशी होती आणि टेबलावर राजस्थानचा नकाशा पसरला होता. नकाशा माझा होता.

मी नवी मुंबईतच, शिरवणे गावातल्या भाड्याच्या खोलीत वाढले. पप्पा मराठवाड्यातून आले आणि इथल्या कारखान्यांच्या पट्ट्यात कामाला लागले. सुट्टीच्या दिवशी ते सभा-मोर्चांची पत्रकं वाटायचे. आमच्या पलंगाखाली त्यांचेच गठ्ठे असत. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. चौथीत 'माझा आवडता पक्षी' या निबंधाच्या शेवटी मी लिहिलं होतं, "तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे." बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि सगळे हसले. मला अजूनही त्या वाक्यात काही चुकीचं वाटत नाही.

पहिल्या नोकरीत मी जुना कॅमेरा घेतला आणि वाशीत एका सरांच्या रविवारच्या वर्गाला जाऊ लागले. सर बँकेतून निवृत्त झालेले. निसर्गचित्रणात त्यांचा हात चांगला, हे मी आजही मान्य करते. त्यांची भाची कॉलेजपासूनची माझी मैत्रीण, तिनंच मला तिथे नेलं. मला माणसांचे फोटो काढायचे नव्हते. लहानपणापासून चोहीकडे भिंती, टाक्या, कपड्यांच्या दोऱ्या बघितलेल्या. मला क्षितिज हवं होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काहीही मध्ये न येणारं. उरणकडच्या सुकलेल्या मिठागरांवर सर आम्हाला सरावाला न्यायचे. तिथे पहाटे ट्रायपॉड रोवून उभं राहिलं की वाटायचं, हेच शंभरपट मोठं कुठेतरी असेल.

म्हणून वाळवंटाचा बेत मी काढला. आधी कच्छचं रण, मग वर जैसलमेरजवळचं राष्ट्रीय उद्यान. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी हेच करत बसायची. फेब्रुवारीअखेरची अमावास्या धरली, कारण चंद्र नको होता आणि पहाटे आकाशगंगा कोणत्या दिशेला वर येते ते मी ॲपवर बघून ठेवलं होतं. वाळूत गाडी घालताना चाकांतली हवा कुठे कमी करायची, लेन्स बदलताना धूळ आत जाऊ नये म्हणून काय करायचं, उद्यानाच्या गेटवर कुणाकुणाची ओळखपत्रं लागतात, सगळं मी शोधलं. पण सर्वांत अवघड काम होतं मुक्कामाचं. उद्यानाच्या आत राहायची सोय मिळेना. शहरात राहिलं तर पहाटेची वेळ हातून जाते. खूप जणांना विचारून मला कुंपणाला लागून असलेल्या एका ढाणीचा, म्हणजे चार-दोन घरांच्या वस्तीचा, पत्ता मिळाला. तिथला एक माणूस पाहुण्यांना ठेवून घेतो. आजूबाजूला एकही दिवा नाही.

सर खूश झाले. "हॉटेलात झोपून लँडस्केप होत नाही," ते म्हणाले. "उघड्यावर झोपायचं. थंडी अंगात गेली पाहिजे, तेव्हा आकाश कळतं."

जाणारे आम्ही पाच. सर, मैत्रीण, मी आणि वर्गातले दोघे, जे वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त अंगठा दाखवायचे. त्या रविवारी सरांच्या घरी मी, मैत्रीण आणि सर असे तिघंच होतो. सरांच्या बायकोनं, काकूंनी, पोहे केले होते. ढाणीवर फोन लावायचा होता. नंबर माझ्याकडे होता, पण सर म्हणाले, "मी बोलतो. अशा ठिकाणी पुरुषाचा आवाज असलेला बरा." त्यांनी स्पीकर चालू केला.

तिकडचा माणूस अदबीनं बोलत होता. किती जण, कधी येणार, जेवण कसलं. मग म्हणाला, "साब, बुरा मत मानना. कौन लोग हो? घर का चूल्हा है, माँ पूछती है."

सरांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. "अरे, सब अपने ही लोग हैं जी. दोनों लड़कियाँ मेरी भांजियाँ हैं."

"फिर तो पधारो सा."

फोन ठेवला. मैत्रिणीनं मला कोपरानं ढोसलं. "बघ, झालीस माझी बहीण. आता मामाकडून दिवाळीला ड्रेस उकळायचा."

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते. वाटलं, जाऊ दे. दोनच तर रात्री. तिथलं क्षितिज माझं आडनाव विचारणार नाही. मी एक घास पोह्यांचा खाल्ला. मग बशी बाजूला सारली.

"सर, मी तुमची भाची नाही."

"अगं, बोलायची पद्धत असते."

"गेटवर ओळखपत्र बघतात."

"गेटवर बघतात ना. घरात कोण बघतंय?"

म्हणजे त्यांनी विचार केला होता. फोन लावायच्या आधीच केला होता. मी तसं म्हटलं. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "तुला त्रास होऊ नये म्हणून बोललो. तिकडे अजून चालतं हे सगळं. आपण बदलणार आहोत का त्यांना दोन दिवसांत?"

स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, "आमच्याकडे असलं काही नाही हं. तू आमच्या ओट्यापर्यंत येतेस, मी कधी काही म्हटलं का?"

"म्हणायचं होतं का काही, काकू?"

"बघा! सरळ बोललं तरी वाकडं. फार लवकर मनाला लावून घेता बाई तुम्ही लोक."

तुम्ही लोक. दहा मिनिटांपूर्वी मी भाची होते.

"शांत हो ना," मैत्रीण म्हणाली. "प्रत्येक गोष्टीचं पत्रक काढायचं असतं का गं?"

"हो."

मी माझ्या फोनवरून तोच नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. सर "थांब, थांब" म्हणत राहिले. मी त्या माणसाला माझं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि आडनावावरून त्याला कळलं नसेल म्हणून आम्ही बौद्ध, जयभीमवाले, हेही सांगितलं. "भांजी नहीं हूँ," म्हटलं.

तिकडे शेळ्या ओरडत होत्या.

मग तो पूर्वीइतक्याच अदबीनं म्हणाला, "कोई बात नहीं, बहनजी. आना ज़रूर. आपकी खाट बाहर लगवा देंगे. हवा अच्छी रहती है. तारे भी दिखते हैं."

"और बाकी लोगों की?"

"उनकी तो अंदर, कमरे में. रात को ठंड पड़ती है ना. और बर्तन की चिंता मत करना, आपके अलग रखवा देंगे."

फोन बंद झाला. सरांनी टाळी वाजवली. खरंच वाजवली. "झालं की! आपल्याला तरी दुसरं काय हवं होतं? बाहेर झोपायला मिळतंय! तारे! तूच सर्वांत नशीबवान."

मैत्रीणही सुटल्यासारखी हसली. "मला पण हेवा वाटतोय खरं तर."

"मग तूही बाहेर झोप," मी म्हटलं. "सगळेच झोपू. पाच खाटा बाहेर मागू. स्लीपिंग बॅग घ्यायच्या ठरल्याच आहेत. आणि मी ज्या भांड्यात जेवेन त्यातच सगळे जेवू. आत्ता फोन लावते."

मी मागितलं ते एवढंच. घर बदला म्हटलं नाही, त्या माणसाला शिव्या द्या म्हटलं नाही. सरांचंच वाक्य मी सरांना परत दिलं होतं. उघड्यावर झोपायचं.

सर म्हणाले, "माझी पाठ."

काकू म्हणाल्या, "त्यांच्या पाठीचं माहीत नाही का तुला? फेब्रुवारीत तिकडे किती गारठा असतो."

मैत्रीण नकाशाची घडी घालू लागली. चुकीच्या रेषेवर घालत होती. मी तिच्याकडे बघत राहिले. तिला पाठीचं दुखणं नव्हतं. ती म्हणाली, "मामा ठरवेल तसं."

दोन दिवसांनी सरांनी ग्रुपवर मतदान टाकलं. मुक्काम कुठे? एक, ढाणी. दोन, शहरातलं हॉटेल. खाटांचा विषय त्यात नव्हता. आता प्रश्न फक्त अंतराचा होता, आणि हॉटेलला मत देणारा म्हणजे पहाटेचा फोटो बुडवणारा. मी लिहिलं, तिसरा पर्याय टाका: ढाणी, सगळ्यांच्या खाटा बाहेर. सरांनी उत्तर दिलं, "कृपया ग्रुपवर फक्त फोटोग्राफी." मग मी माझं वेगळं मतदान टाकलं. त्यात एक मत पडलं, माझं. मैत्रिणीच्या नावाखाली 'टायपिंग' असं दिसायचं आणि जायचं. दिसायचं आणि जायचं. शेवटी त्या दोघांपैकी एकानं माझ्या मतदानाखाली अंगठा दाखवला. मत दिलं नाही, नुसताच अंगठा. मी ग्रुप सोडला.

घरी सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, निदान पप्पा तरी पाठ थोपटतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आता काय करायलीस?"

"काय करणार? नाही जाणार."

"कामून?"

"कामून म्हणजे? बाहेर झोपू त्यांच्या दारात? वेगळ्या ताटात जेवू?"

"झोपायचं बाहेर. ताट घरून न्यायचं. फोटू काढायचे अन् येऊन लिहायचं. जागा सोडायची नसती, पोरी. तू सोडली की ते म्हणणार, बरं झालं, स्वतःहून गेली."

मी भडकले. म्हटलं, तुमच्या पत्रकांत स्वाभिमान लिहिलेला असतो, तो काय छापण्यापुरता? ते म्हणाले, पत्रक वाटायलाबी रस्त्यावर जावंच लागतं, घरी बसून वाटत नाहीत. आम्ही आठवडाभर एकमेकांशी बोललो नाही. आई दोघांची ताटं वाढायची आणि मधे टीव्ही लावून ठेवायची. कोण बरोबर होतं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. पण एक मी पप्पांना तेव्हा सांगितलं आणि आजही सांगते. जागा मी सोडली नाही. ती चौघांनी मिळून रिकामी केली. माझ्याबरोबर एक खाट बाहेर आली असती, फक्त एक, तर मी गेले असते.

ते गेले. माझी अमावास्या, माझा रस्ता, हवा कमी करायची माझी ठिकाणं, माझी ढाणी. मार्चमध्ये वाशीतल्या एका सभागृहात वर्गाचं प्रदर्शन लागलं. मैत्रिणीनं आग्रहानं बोलावलं. "बघ तर ये, तू काढलेली वेळ किती अचूक होती."

सरांचा फोटो दर्शनी भिंतीवर होता. अर्ध्याहून जास्त चौकट आकाशानं भरलेली, आकाशगंगा तिरपी वर चढलेली, खाली क्षितिजाची काळी रेघ. आणि अगदी पुढे, वाळूवर, एक रिकामी खाट. दोरीची वीण स्वच्छ दिसत होती. त्या माणसानं शब्द पाळला होता. मी येणार नाही हे त्याला कुणी कळवलंच नसणार, त्यामुळे ते पोचायच्या आधीच त्यानं खाट बाहेर लावून ठेवली होती. आत पाठ शेकून झाल्यावर सर पहाटे उठून बाहेर आले असणार आणि त्यांना ती दिसली असणार. निसर्गचित्रात पुढे काहीतरी लागतं, नाहीतर नजर भरकटते.

खाली शीर्षक होतं, 'एकांत'.

माझ्या शेजारी उभ्या बाई त्यांच्या नवऱ्याला म्हणाल्या, "किती शांत वाटतंय ना? इथे जाऊन झोपावंसं वाटतं."

"झोपता येणार नाही तुम्हाला," मी म्हटलं. "तुमची खाट आत असते. ही माझी आहे."

त्या घाबरून दोन पावलं मागे सरल्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं, उभ्याउभ्या, मोठ्यानं. जमलेल्या दहा-बारा जणांनी ऐकलं. सर लांबून आले, "इथे नको, प्लीज," म्हणाले. मैत्रीण भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिच्या फोटोवरचा प्रकाशझोत उगाचच सरळ करत होती. त्या बाईंनी शेवटी विचारलं, "पण मग आम्ही काय करायला हवं होतं म्हणता?" प्रश्न खरा होता. हे मी त्यांच्यासाठी लिहिलं, आणि तुमच्यासाठी.

तुमच्याही ग्रुपवर सुट्टीचा एखादा बेत शिजत असेल. मुक्कामाच्या घरी आजच फोन लावा. तिथल्या माणसानं कोण कोण येणार असं विचारलं, तर सोबत्याला विचारून त्याचं नाव सांगा, त्यानं सांगितलं तसं, पूर्ण. एकाची खाट बाहेर पडणार असेल, तर फोन ठेवण्याआधी स्वतःचीही बाहेर मागा. पाठ दुखत असली तरी मागा.