शेवटच्या पानापर्यंत

गुणवंत जोंधळे जेसल पार्कच्या कॉम्प्युटर क्लासात लागला तो फडकं मारायला. चोवीस मशीन रोज पुसता पुसता त्यांच्यातलं लिनक्स त्याला कधी येऊ लागलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. २००७ साली सिस्टिम बघणारा माणूस सोडून गेला, तेव्हा क्लास चालवणाऱ्या राजश्री मॅडम म्हणाल्या, "शनिवारची परीक्षा लावून दाखव. जमलं तर त्याची खुर्ची तुझी. नाहीतर बाहेरून माणूस आणते."

आधीचा माणूस पेनड्राइव्ह घेऊन मशीनमागून मशीन पेपर टाकत फिरायचा, त्यात तासभर मोडायचा. गुणवंतने स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांची यादी, लिहिली. मॅडमच्या टेबलावरून एक हुकूम, की चोवीस मशीन एकदम कामाला. सगळी गंमत ओळीच्या शेवटच्या & या खुणेत होती. ती असली की पहिल्याचं उरकायची वाट न बघता दुसऱ्याला काम सुटतं.

शनिवारी पावणेअकराला त्याने एंटर मारला. दोन सेकंदांत स्क्रीनवर आलं, 'झालं'.

"एवढ्यात?" मॅडम म्हणाल्या.

"एवढ्यातच!"

पोरांनी बसल्या बसल्या पेपर उघडले. लगेच कोपऱ्यातून आवाज आला, "सर, मेरा पेपर पाँच सवाल पे खतम!"

"नशीबवान आहेस," शेजारची सुरुची म्हणाली, "माझा उघडतच नाहीये."

नऊ मशीनवर पेपर अर्धाच पोचला होता. मॅडमचा हात फोनकडे गेला.

गुणवंतने स्क्रिप्ट उघडली. सगळ्यांना धाडलं होतं, पोचलं का, हे कुणालाच विचारलं नव्हतं. त्याला हाटकेश वस्तीतली जयंतीची पंगत आठवली. वाढपी बारा, सुटायचे एकदम. पण त्याची आई, कमळाबाई, रांगेच्या टोकाला उभी असायची. "शेवटच्या पानावर भात पडू द्या. तवर कुणी घास उचलायचा न्हाई." इथं त्याने वाढपी सोडले आणि लगेच जेवा म्हणून मोकळा झाला.

'झालं'च्या वरच्या ओळीत त्याने एक शब्द टाकला: wait, म्हणजे सुटलेली सगळी कामं उरकेपर्यंत थांब. सगळ्यांचे पेपर बंद करायला लावले. पुन्हा एंटर.

या वेळी काहीच येईना. कर्सर नुसता लुकलुकत राहिला.

"अडकलं का रे?"

"नाही मॅडम. वाढतायत."

"काय?"

"पेपर."

चाळीसेक सेकंदांनी 'झालं' आलं. तरी तो उठला, चोविसावं मशीन डोळ्यांनी बघून आला, आणि मगच म्हणाला, "करा सुरुवात."

खोलीत नुसता कीबोर्डचा आवाज राहिला. मॅडमनी फोन पर्समध्ये टाकला. मग हळू आवाजात विचारलं, "सोमवारपासून फडकं कोण मारणार रे?"

"ते काही स्क्रिप्टमध्ये बसत नाही, मॅडम."