हात नका लावा

नंदुरबारच्या आमच्या छोट्या संग्रहालयात चिनी मातीची जुनी भांडी आहेत. त्यांवरची नक्षी उतरवून घ्यायला मी अधूनमधून जाते. कोणी काचेजवळ वाकलं, की तिथला पहारेकरी पुढे येऊन हळू आवाजात म्हणतो, "हात नका लावा, भाऊ." लहान मुलांनाही तो भाऊच म्हणतो.

एकदा तापीकाठच्या गावातले एक आंधळे आजोबा नातीबरोबर आले. नात एकेका भांड्याचं वर्णन करत होती. आजोबा नुसती मान हलवत होते. पहारेकरी थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने कपाट उघडलं आणि निळी बरणी काढून त्यांच्या हातात दिली.

"धरा बाबा. मी खाले हात ठेयेल शे." त्याने आपला तळहात बरणीखाली धरला होता.

आजोबांची बोटं बरणीवरच्या उठावाच्या वेलीवरून सावकाश फिरली. "वेल आखो पुढे जास," म्हणजे वेल अजून पुढे जाते, असं नातीला सांगून ते हसले.

ते गेल्यावर पहारेकरी माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही नका सांगा. सायेबले मीच सांगसू."

तो लगेच वर संग्रहालयाच्या साहेबांच्या खोलीत गेला. साहेबांनी त्याच्याकडून कपाटाची किल्ली काढून घेतली. मला वाईट वाटलं. तो मात्र खाली आला तेव्हा पाहुण्याला पोटभर जेवू घातल्यासारखा निवांत दिसत होता.