नापास मॅडम

आमच्या मॅडम दर वर्षी कॉम्प्युटरच्या परीक्षेत नापास व्हायच्या आणि दर वर्षी पेढे वाटायच्या. पाली विभागाच्या प्रमुख, एम.ए.ला सुवर्णपदक, आणि नोटीसबोर्डवर नावापुढे ‘अनुत्तीर्ण’! आम्ही पाठीमागे त्यांना नापास मॅडम म्हणायचो. ते त्यांना ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

त्याचं असं झालं. आमच्या विभागात कॉम्प्युटर एकच, तोही दुसऱ्या कुणी टाकून दिलेला. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर विभागात मात्र गारेगार एसी, नवीकोरी मशीनं, निम्मी रिकामी. मॅडम विचारायला गेल्या, तर तिथले सर म्हणाले, लॉगिन फक्त आमच्या विद्यार्थ्यांना. मॅडम खाली आल्या, शांतपणे चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, “विद्यार्थी तर विद्यार्थी.” दुसऱ्या दिवशी त्यांनी संध्याकाळच्या सर्टिफिकेट कोर्सला नाव घातलं.

मग काय, आमची चंगळच. मॅडम शेजारी विणकाम करत बसायच्या आणि त्यांच्या लॉगिनवर आम्ही पाळीपाळीने काम उरकायचो. सर कुरकुरले की फणसवाडीच्या घरून आणलेली खोबऱ्याची वडी पुढे व्हायची. वडी तोंडात असताना माणूस किती रागावणार!

नियम असा की पास होईपर्यंत लॉगिन चालू. म्हणून मॅडम पेपरवर नाव लिहायच्या आणि कोरा देऊन यायच्या. लिफ्टमध्ये लोक हसायचे. मला फार लागायचं. चिंचपोकळीच्या आमच्या खोलीत लॅपटॉप कुठला? अर्धा प्रबंध मी फुटक्या स्क्रीनच्या फोनवर टाइप केला होता. माझ्यापायी ही बाई हसं करून घेते, हे मला सोसेना. एकदा मी तसं बोलून दाखवलं. मॅडमनी सुई थांबवली नाही.

“हसू देत गं. तुझी पीएच.डी. अडकली, तर मात्र मी रडेन.”

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी माझा प्रबंध अपलोड झाला. त्यांच्या हाताखालची मी शेवटचीच. मॅडमनी लोकर गुंडाळली आणि परीक्षेची तारीख विचारली. निकाल लागला, तर कोर्समध्ये पहिल्या! वरचे सर स्वतः गुच्छ घेऊन खाली आले. पेढे मात्र आले नाहीत. मी विचारलं, तर एवढंच म्हणाल्या, “लॉगिन गेलं ना गं.”

आता त्याच विभागात मी शिकवते. मुलं नवी आहेत, कॉम्प्युटर तोच. गेल्या वर्षी मीही वरच्या कोर्सला नाव घातलं.

परवा निकाल लागला. पेढे घेऊन मी फणसवाडीला गेले. मॅडमनी डबा उघडला, एक पेढा तोंडात टाकला आणि माझ्या पाठीवर जोरात थाप मारली.