हॉलमोशी आधी, गेर्गेय नंतर

अमेरिकेतलं सनीव्हेल सोडतानाच जावई म्हणाला, "बाबा, आज कुणाशी भांडायचं नाही. प्लीज." मी मान डोलावली.

दुपारी वाळलेल्या गवतात एक धावपट्टी दिसली. शेजारच्या हँगरमध्ये ग्लायडरांचं (बिनइंजिनाच्या विमानांचं) संग्रहालय होतं. इचलकरंजीत माझा यंत्रांचा कारखाना आहे; चांगलं पत्राकाम दिसलं की हात राहत नाही. एका चंदेरी पंखावर तो गेलाच.

"हळू. माझ्या वडिलांचं आहे ते," मागून एक वयस्कर बाई म्हणाली. नाव इलोना.

तिचे वडील हंगेरीत प्लायवूड आणि कापडाची ग्लायडर बांधायचे. देश सोडून अमेरिकेत आले, एका कारखान्यात नोकरीला लागले आणि तिथं घरच्या गॅरेजमध्ये जोडता येईल असं हे अ‍ॅल्युमिनियमचं ग्लायडर आखलं. गाजलं ते कारखान्याच्या नावानं. समोरच्या कार्डावरही कारखान्याचंच नाव होतं. म्हातारा शेवटपर्यंत नवी डिझाइन्स काढत राहिला.

माझं डोकं तापलं. माझ्या भागीदारानंही माझ्या यंत्रावर स्वतःची पाटी ठोकली होती. मी तडक मॅनेजरच्या टेबलाशी गेलो.

सौदा वरून सुरू करायचा असतो. मी इलोनाच्या वडिलांचा पुतळा मागितला. मग पूर्ण भिंत. मग मोठा फोटो. तो प्रत्येक वेळी नम्रपणे नाही म्हणाला. शेवटी मी पाठ फिरवून दाराकडे निघालो. आपल्याकडे पायरी उतरायच्या आत हाक येते. इथं तो म्हणाला, "ड्राइव्ह सेफ, सर."

जावई खाली मान घालून हसत होता. "बाबा, इथं असं नाही चालत यार."

मी परत फिरलो. "बरं, तू काय देऊ शकतोस?"

"कार्डावर डिझायनरचं नाव? आजच छापतो. या बाईंना केव्हाच सांगितलंय. पण यांना त्यात 'चोरलं' हा शब्द हवाय. तो मी घालणार नाही."

मी इलोनाबाईंकडे पाहिलं. आता खरा सौदा त्यांच्याशी होता.

बाकावर बसून त्यांनी डब्यातला बटाट्याचा रस्सा दिला. त्यात पाप्रिका (तिकडची लाल मिरचीपूड) होती. रंग कोल्हापुरी, तिखट नावापुरतं. खाताखाता मी त्यांना माझ्या यंत्राची आणि भागीदाराच्या पाटीची गोष्ट सांगितली. मी म्हणालो, "बाई, तो शब्द कार्डावर आला, तर लोक चोराबद्दल विचारतील. तुमच्या वडिलांबद्दल कोण विचारणार?"

"तुमच्या यंत्राचं असतं, तर सोडला असतात?"

"नसता सोडला," मी म्हणालो. "म्हणून तर माझ्या यंत्रावर अजून भागीदाराचीच पाटी आहे."

इलोनाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. मग उठून टेबलाशी गेल्या. "तो शब्द काढा. पण आमच्यात आडनाव आधी. हॉलमोशी गेर्गेय. तसंच छापा."

"लोक गोंधळतील," मॅनेजर म्हणाला.

"गोंधळू देत," मी म्हणालो. "आमच्या मतदार यादीतही आडनाव आधीच असतं."

तो हसला आणि त्यानं कार्ड छापलं. इलोनाबाईंनी ते स्वतःच्या हातानं लावलं आणि मोठ्यानं वाचलं. मॅनेजरनं नाव म्हणून पाहिलं. त्यांनी त्याचा उच्चार सुधारला, पुन्हा सुधारला, आणि तो जमेपर्यंत त्याला सोडलं नाही.

परतताना जावई म्हणाला, "बाबा, आता भागीदारकाकांना फोन लावू?"

"गाडी चालव," मी म्हणालो.

सनीव्हेलचे दिवे दिसू लागले. मग मी त्याच्याकडे फोन मागितला.