कामठ्याच्या मांडवातली बेरीज

मालूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दरेकसा स्टेशनवर गोंदियाच्या गाडीची वाट पाहत होतो. भाऊजी एवढंच बोलले, "छातीत दुखून राहिलं म्हणाली, अन् बसल्या जागी..." पुढचा आवाज तुटला. गाडी येईना. मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलो. आठवडे उलटले, तरी अजून एका जागी बसवत नाही.

मालूताई माझी थोरली बहीण, केशोरीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. स्वस्थपणा तिलाही ठाऊक नव्हता. कुणाकडे गेली की चहा येईपर्यंत तिची नजर भिंतीवरच्या तारांवरून फिरायची. माझं लग्न कामठ्याला होतं, गोरज मुहूर्ताचं. अंतरपाट धरला आणि सगळा मांडव काळोखात बुडाला. मेन स्विच ताईनं पाडला होता. एकच गलका झाला. नवरीचे मामा ताईच्या अंगावरच धावून आले. ऐन मुहूर्ताला अंधार म्हणजे अपशकुन, असं त्यांचं म्हणणं.

"काऊन बंद केली लाईट?"

"तार तापून राहिली, मामाजी. एका दिव्याले दोन अँपिअर लागते. दहा दिवे एकाच तारेवर जोडले, म्हणजे वीस. व्होल्टेज सर्वाइले तेवढंच, पण करंटची बेरीज होते. या बारक्या तारेले वीस नाही झेपत."

मामांना ते पटेना. दिवे वाढवले की तारेवर भार कसा वाढेल, जो तो आपापलाच करंट घेतो ना, असं ते म्हणत राहिले. मग मोबाईलच्या उजेडात ताईनं त्यांना समजावलं : एका दिव्याचा रोध एकशेपंधरा ओहम, पण असे दहा समांतर जोडले की सगळ्यांचा मिळून साडेअकराच उरतो, आणि रोध जितका कमी तितका करंट जास्त. तेवढ्यात मांडववाल्यानं जोडावरची पट्टी सोडली. आतलं प्लास्टिक मऊ पडलं होतं, वरचं कापड तपकिरी झालं होतं... आणि त्याच कापडाखाली बाया-लेकरं बसली होती. शेजारच्या घरातून दुसरी तार ओढली, पाच-पाच दिवे वाटून दिले, आणि उशिरानं माझं लग्न लागलं. जेवताना ताईच्या पानात मामांनी स्वतः वाढलं.

एवढी ती सावध. पण गेली त्याच्या आदल्या दिवशीही छातीत दुखलं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. काऊन नाही सांगितलं... हेच मी चालता चालता विचारत राहतो.

परवा केशोरीला गेलो. तिचा करंट मोजायचा मीटर खिडकीजवळच्या खिळ्याला लटकत होता. भाऊजींनी तो काढून माझ्या हातात दिला. मला कशाला लागतो, तू घेऊन जा म्हणाले. मी फाटकापर्यंत पोचलो, तर ते अनवाणीच मागून आले.

"राहू दे," म्हणाले, "तो इथंच राहू दे."